नवी गाडी जोडीला, की जुनीच्या जागी?

नागपूरची मेट्रो पुढे गोंदियाच्या दिशेने यावी का, यावर पुरुषमंडळी चौकाचौकांत वाद घालतात. पण रोज डबा भरून गाडी पकडणाऱ्या बाईने या वादात काय विचारायला हवं?

मेट्रो हा शब्द आता आपल्या जिल्ह्यात कुणाला नवा राहिलेला नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका असोत की बचतगटाची महिन्याची बैठक असो, नागपूरला नुकतीच जाऊन आलेली एखादी तरी सांगतेच, ‘काय गं गारेगार गाडी! दारं आपोआप मिटतात, धक्काबुक्की नाही की काही नाही!’ मग दुसरी लगेच विचारते, ‘आपल्याकडे कधी येणार?’ आणि तिसरी, जी रोज तिरोड्याहून की आमगावहून पॅसेंजरने येजा करते, ती हळूच म्हणते, ‘ती येईल तेव्हा येईल बाई, आपली सकाळची गाडी तेवढी राहू दे म्हणजे झालं.’

या तिसरीचं बोलणं सहसा कुणी मनावर घेत नाही. मेट्रो हवी म्हणणारे तिला जुन्या वळणाची ठरवतात आणि मेट्रो नको म्हणणारे तिला आपल्या बाजूची समजतात. खरं तर ती दोन्ही नाही. तिचा प्रश्न अगदी साधा आहे. नवी गाडी जुन्या गाडीच्या जोडीला येणार, की तिच्या जागी? हा सगळा वाद या एका प्रश्नाशी येऊन थांबतो, असं आम्हाला वाटतं.

गाडी नेमकी कोणती?

वादात शिरण्याआधी एक घोटाळा दूर करू या. मेट्रो, मेट्रो म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतो.

पहिली म्हणजे नागपूर शहरातली, खांबांवरून धावणारी मेट्रो. ती मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचा पहिला टप्पा पुरा झाला. त्या टप्प्याला ८,६८० कोटी रुपये मंजूर झाले होते. दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा, त्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. खर्च ६,७०८ कोटी. यातला एक फाटा कामठीच्या अंगाने कन्हान नदीपर्यंत येतो आणि दुसरा प्रजापतीनगरच्या पुढे भंडारा रस्त्यावर ट्रान्सपोर्टनगरपर्यंत. म्हणजे दोन्ही फाटे आपल्याच दिशेला तोंड करून आहेत. पण कन्हानपासून गोंदिया अजून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरी म्हणजे ‘ब्रॉडगेज मेट्रो’. हिला वेगळे खांब नकोत, वेगळे रूळ नकोत. रेल्वेच्या आहे त्याच रुळांवर मेट्रोसारखे वातानुकूलित, झटकन वेग घेणारे आणि झटकन थांबणारे डबे चालवायचे, ही ती कल्पना. २०१८ साली रेल्वे, राज्य सरकार आणि महामेट्रो यांच्यात नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या चार दिशांना अशा गाड्या नेण्याचा करार झाला. भंडारा रोडपर्यंत आली तर पुढे तुमसर, तिरोडा, गोंदिया का नाही, हे बोलणं त्यानंतर ओघानेच आलं.

गोंदिया शहरातच मेट्रो हवी, असंही काही उत्साही मंडळी म्हणतात. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वा लाखाच्या थोडी वर होती. लहान शहरांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ नावाच्या हलक्या मेट्रोचे निकष काढले. तिची कल्पनासुद्धा तासाला एका दिशेने पंधरा हजारांपर्यंत माणसं नेण्याची आहे. आपल्या बाजारपेठेत दिवाळीच्या आदल्या दिवशी जी गर्दी होते, तीही कुठे रोज असते? शहराला आज खरी गरज चालू स्थितीतल्या शहर बसची आणि रिकाम्या पदपथांची आहे. नाकापेक्षा मोती जड कशाला? तेव्हा खरा वाद गोंदिया ते नागपूर या सुमारे १३० किलोमीटरचा आहे, आणि तोच आपण पाहू.

दोन्ही पारड्यांत काय आहे?

हवी म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. नागपूरला मेडिकल आहे, हायकोर्टाचं खंडपीठ आहे, विद्यापीठ आहे, मोठमोठी इस्पितळं आहेत. गोंदियाला २०१६ पासून आपलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं हे खरं, तरी मोठ्या तपासणीसाठी नागपूरची वाट सुटलेली नाही. मुलगी नागपूरला शिकायला ठेवायची म्हणजे वसतिगृहाचा, खानावळीचा खर्च आला. गाडी दीड-दोन तासांत पोचवत असेल आणि रात्री सुरक्षित परत आणत असेल, तर कितीतरी मुली घरून येजा करून शिकतील. बंद दारं, उजेड, कॅमेरे, फलाटाशी समतल डबा या गोष्टींना चैन म्हणणारे लोक कधी पोटुशी असताना पॅसेंजरच्या पायऱ्या चढलेले नसतात! दिल्ली मेट्रोने ऑक्टोबर २०१० पासून प्रत्येक गाडीचा पहिला डबा बायकांसाठी राखला. त्याआधी मुंबईच्या पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली फक्त महिलांची लोकल सोडली होती. चांगली गाडी बाईच्या पायातल्या कितीतरी बेड्या सैल करते, हे अनुभवाने सिद्ध झालं आहे.

नको म्हणणाऱ्यांचंही ऐकू या. त्यांचं म्हणणं असं की गोंदिया ते नागपूर मार्गावर गंगाझरी, काचेवानी, मुंडीकोटा, कोका, खात अशी लहान स्टेशनं आहेत. झटपट गाडी म्हटली की पहिली कुऱ्हाड या थांब्यांवर येते. शिवाय गारेगार गाडीचं भाडंही तसंच असणार. रोवण्याच्या दिवसांत मजुरीला जाणारी बाई, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली म्हातारी, यांना त्या गाडीत कोण घेणार? दिल्लीच्या मेट्रोत सामानाला २५ किलोंची मर्यादा आहे. आपल्याकडे माहेराहून परतणाऱ्या लेकीबरोबर नव्या तांदळाचं पोतंच असतं की!

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून तर ‘हवी की नको’ हा प्रश्नच अपुरा आहे.

छोट्या लाईनीचा धडा

या बाबतीत गोंदियाइतका अनुभव विदर्भात क्वचितच कुण्या गावाला असेल. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘छोटी लाईन’ आणि ‘बडी लाईन’ हे शब्द आहेत. बडी लाईन म्हणजे मुंबई-हावडा. छोटी लाईन म्हणजे अडीच फूट रुंदीची नॅरोगेज. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ साली गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंत ती नेली, १९०५ पर्यंत जबलपूरला पोचवली. १९०८ साली दुसरी छोटी लाईन नागभीडकडे गेली आणि पुढे चांदा फोर्टपर्यंत वाढली. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी ही गावं तिच्यामुळे गोंदियाशी बांधली गेली. झाडीपट्टीच्या नाटकांचं आज जे वडसा हे माहेरघर मानतात, तेही याच रस्त्यावरचं स्टेशन.

ही गाडी हळू होती, डबे लहान होते, बाकं लाकडी होती. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. नव्वदच्या दशकात नागभीडकडची लाईन ब्रॉडगेज झाली, तेव्हा गोंदियाचा बल्लारशहामार्गे थेट दक्षिणेशी संबंध जुळला. हा फायदा लहान नाही. एप्रिल २०२५ मध्ये या २४० किलोमीटरच्या एकेरी मार्गाच्या दुहेरीकरणालाही केंद्राने मंजुरी दिली, खर्च ४,८१९ कोटी रुपये. म्हणजे बदल वाईट नसतोच.

मग कळ कुठे लागते? मधल्या काळात. बालाघाट ते जबलपूर ही छोटी लाईन २०१५ साली बंद केली आणि गोंदिया ते जबलपूर सलग मोठी गाडी धावायला पुढची पाचएक वर्षं गेली. नागपूर-नागभीड ही १०६ किलोमीटरची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. ती जंगलातून, वाघांच्या वाटेवरून जाते. म्हणून नव्या रुळांची आखणी कशी असावी यावरही बराच वाद झाला. तो वाद करायलाच हवा होता. पण २०२४चा नोव्हेंबर उजाडला, पाच वर्षं झाली, तरी त्या पूर्ण मार्गावर नवी प्रवासी गाडी सुरू झालेली नव्हती. पाच वर्षं म्हणजे आठवीतली मुलगी बारावी पास होऊन घरी बसते, एवढा काळ! जुनी छोटी गाडी आता नागपूरच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात बघायला मिळते. मुलांना जरूर दाखवा. पण संग्रहालयातल्या गाडीने कॉलेजला जाता येत नाही.

आपण घरात काय करतो? नवी गॅसची शेगडी येणार म्हणून जुना स्टोव्ह आधीच भंगारात देतो का? सिलिंडर लागला, बर्नर पेटला, चार दिवस भाकरी नीट झाली, मग स्टोव्ह माळ्यावर जातो. रेल्वेकडूनही आपण एवढंच शहाणपण मागतो आहोत.

एकाच चुलीवर दोन तवे

शहरातली मेट्रो वेगळ्या खांबांवरून जाते, ती कुणाच्या वाटेत येत नाही. ब्रॉडगेज मेट्रोचं तसं नाही. तिला जुन्याच रुळांवर जागा करून घ्यायची आहे. आणि आपला मार्ग कसा आहे? मुंबई-हावडा या देशातल्या अतिशय गर्दीच्या मार्गाचा तो तुकडा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस, छत्तीसगडच्या कोळशाच्या मालगाड्या, आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीत आपली पॅसेंजर किंवा मेमू.

एकाच रुळावर वेगळ्या वेगाच्या गाड्या आल्या की नियम ठरलेला आहे. हळू जाणारीने बाजूच्या लाईनला उभं राहायचं आणि वेगाने येणारीला वाट द्यायची. मुंडीकोट्याला की कोक्याला गाडी उगाचच अर्धा तास उभी असते, आणि मग शेजारून एक्सप्रेस धडधडत जाते, हा अनुभव कुणाला नाही? आता त्यात आणखी चार-सहा झटपट गाड्या घातल्या, तर बाजूला उभं कोण राहणार हे सांगायला ज्योतिषी नको.

२०२२ साली याची चव आपण घेतलेली आहे. त्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा कमी पडला, म्हणून कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेने कितीतरी प्रवासी गाड्या आठवडेच्या आठवडे रद्द ठेवल्या. वीज सगळ्यांनाच हवी, ते खरं. तिरोड्याचं वीजकेंद्र तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पण जागा अपुरी पडली की पहिली कुणाची गाडी जाते, हे त्या वेळी स्पष्ट दिसलं.

म्हणून मेट्रोचा विचार करताना जादा रुळांचा विचार आधी हवा. राजनांदगाव ते नागपूर या २२८ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेचं काम टप्प्याटप्प्याने झालं ते याच गर्दीसाठी. नवी गाडी या वाढलेल्या जागेत बसत असेल तर तिचं स्वागत करू. जुन्या गाडीची जागा घेऊन बसत असेल, तर ती नवी सोय म्हणता येणार नाही, नुसती अदलाबदल झाली.

हिशेबाची वही काढा

आता आपल्या हातखंड्याचा विषय, घरखर्च.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या तेव्हा ‘स्पेशल’ नावाने, एक्सप्रेसच्या भाड्याने. कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० रुपये झालं. ते पुन्हा १० रुपयांवर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. गाडी तीच, डबे तेच, थांबे काही ठिकाणी कमीच, आणि भाडं तिप्पट! काचेवानीहून गोंदियाला दुकानात कामाला येणाऱ्या एखाद्या मुलीचा हिशेब मांडून पाहा. एका फेरीला २० रुपये जास्त, दिवसाच्या दोन फेऱ्या, महिन्याचे २५ दिवस. झाले हजार रुपये. पगार सात-आठ हजार असेल, तर त्यातला हजार रुपयांचा खड्डा म्हणजे मुलाच्या शिकवणीची फी गेली किंवा महिन्याचा किराणा निम्म्यावर आला. अशा वेळी घरातले काय म्हणतात तेही आपल्याला ठाऊक आहे, ‘एवढे पैसे जातात तर नोकरी कशाला करतेस?’ भाडेवाढीची झळ सगळ्यांनाच लागते, पण तिच्यापायी नोकरी मात्र पहिली बाईची सुटते.

उलट बाजूही पाहा. १७ मार्च २०२३ पासून एसटीने बायकांना निम्मं भाडं केलं. लेकीबाळी, सासवा-सुना कशा घराबाहेर पडल्या! मंडईला माहेरी जायचं, देवदर्शन, बाजार, दवाखाना, जी कामं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून पडून होती ती झाली. आता सांगा, एका बाजूला निम्म्या भाड्याची लालपरी आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण भाड्याची वातानुकूलित गाडी असेल, तर चार पैसे वाचवणारी बाई कशात बसेल?

मुंबईचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथे डिसेंबर २०१७ मध्ये पहिली वातानुकूलित लोकल धावली. भाडं इतकं की गर्दीच्या मुंबईतही तिचे डबे रिकामे दिसत. शेवटी मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचे दर जवळजवळ निम्मे केले, पाच किलोमीटरचं ६५ रुपयांचं तिकीट ३० रुपयांवर आलं आणि मग माणसं चढू लागली. मुंबईचीच मोनोरेल तर आणखी बोलकी. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोठ्या थाटाने सुरू झाली, पण लोकांना जिथे जायचं तिथे ती जातच नव्हती. वर्षानुवर्षं प्रवासी कमीच राहिले, आणि वारंवारच्या बिघाडांनंतर २० सप्टेंबर २०२५ पासून ती दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. रूळ टाकले की माणसं आपोआप येतात, हा निव्वळ भ्रम आहे.

सवलतींचंही विचारून ठेवायला हवं. मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा रेल्वे पास मोफत मिळतो. ही सोय रेल्वेची आहे, मेट्रोची नव्हे. नागपूर मेट्रोने विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत दिली, पण ३० टक्के आणि मोफत यांत फरक आहे. नवी गाडी रेल्वेच्या रुळांवरून धावली आणि तिचा कारभार दुसऱ्याकडे गेला, तर हा पास चालणार का? आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत निम्मं तिकीट होतं, ते मार्च २०२० पासून गेलंच आहे. एकदा गेलेली सवलत परत यायला किती वेळ लागतो, ते आपण बघतोच आहोत.

बाईचा प्रवास सरळ रेषेत नसतो

योजना आखणारे बहुतेक वेळा असा माणूस डोळ्यांसमोर ठेवतात, जो सकाळी नऊला घरातून निघतो, कचेरीत जातो आणि सहाला परत येतो. बाईचं असं नसतं. ती निघताना पोराला अंगणवाडीत सोडते, वाटेत सासऱ्यांचं औषध आणते, परतताना भाजी घेते. दुपारी बारा-एकला शाळा सुटलेली शिक्षिका, रात्रपाळी संपवून पहाटे निघणारी नर्स, आठवडी बाजाराची विक्रेती, यांच्या वेळा गर्दीच्या तासांत बसत नाहीत. सकाळ-संध्याकाळ चार गाड्या आणि दुपारभर शुकशुकाट, असं वेळापत्रक झालं तर ते अर्ध्या जिल्ह्याला निरुपयोगी आहे. अर्धा जिल्हा शब्दशः म्हणते आहे हं, २०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या!

आणखी एक गोष्ट चारचौघांत बोलायला आपण लाजतो, ती म्हणजे संडास-बाथरूम. शहरातल्या मेट्रोच्या डब्यात ही सोय नसते, कारण प्रवास अर्ध्या तासाचा. पण नागपूर ते गोंदिया दोन तासांच्या प्रवासात ती हवीच. मधुमेहाची म्हातारी, दिवस गेलेली बाई, पाळीचे दिवस असलेली मुलगी, यांनी दोन तास काय करायचं? डब्यांचा नकाशा पक्का होण्याआधी हे विचारलं तर खर्च थोडा वाढेल. नंतर विचारलं तर उत्तर मिळेल, ‘आता काही करता येत नाही.’

तसंच स्टेशनापर्यंतच्या वाटेचं. केंद्राच्या २०१७च्या मेट्रो धोरणात दोन अटी घातल्या आहेत. एक, मेट्रो ठरवण्याआधी बस, ट्राम, हलकी रेल्वे अशा इतर पर्यायांची तुलना करायची. दोन, स्टेशनाच्या आजूबाजूच्या पाच किलोमीटरच्या परिसरातून लोक कसे येतील, त्याची सोय आराखड्यातच दाखवायची. ब्रॉडगेज मेट्रो रेल्वेच्या रुळांवरची असली तरी हे दोन प्रश्न तिलाही विचारायला काय हरकत आहे? रात्री साडेनऊला गंगाझरीला उतरलेल्या बाईला पुढे गावापर्यंत रिक्षा नसेल, तर आधीचा दोन तासांचा गारेगार प्रवास तिच्या काय कामाचा?

सभेला जाताना

‘आपल्या बोलण्याने काय होतं?’ असं म्हणून घरी बसू नका. योजना कागदावर असतात तोवर बदलतात. नाशिकच्या रबरी टायरवर चालणाऱ्या मेट्रो निओला २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये दाखवले गेले, तरी पुढची काही वर्षं ती रस्त्यावर आली नाही. ठाण्याच्या अंतर्गत मेट्रोची आधी मेट्रो, मग हलकी मेट्रो आणि पुन्हा मेट्रो अशी स्थित्यंतरं झाली, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२४ मध्ये २९ किलोमीटरच्या वर्तुळाला मंजुरी मिळाली. म्हणजे बोलायची वेळ आधीच असते. नंतर बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

बोलायचं कुठे? आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरकतात. ती खरोखर भरवा आणि गाडीचा ठराव तिथे मांडा. रेल्वेच्या विभागीय पातळीवर प्रवाशांची सल्लागार समिती असते. ठरावाची एक प्रत तिथे, एक खासदारांकडे, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. बचतगटांनी एक वही करावी. कोण कुठून कुठे, किती वाजता, किती भाडं देऊन जाते, याची महिनाभर नोंद ठेवावी. शंभर बायकांच्या नोंदींची अशी वही टेबलावर ठेवली की ‘तुम्हाला काय कळतं?’ असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि हे प्रश्न पदरात बांधून न्या:

१. नवी गाडी आल्यावर सध्याची पॅसेंजर, मेमू राहणार का? किती काळ? लेखी द्याल का?

२. लहान स्टेशनांवर दिवसातून किती गाड्या थांबतील?

३. पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, आणि दुपारी किती?

४. महिन्याचा पास कितीला पडेल? मुलींचा मोफत पास चालेल का? एसटीसारखी निम्म्या भाड्याची सोय असेल का?

५. डब्यात संडास असेल का? बायकांसाठी वेगळा डबा? टोपली, पोतं, दुधाचा कॅन चालेल का?

६. स्टेशनावर रात्री दिवे, पोलीस आणि पुढे जायला वाहन कोणतं?

७. काम चालू असताना गाड्या बंद राहणार असतील तर किती दिवस, आणि तोवर बदली बस कोण देणार?

८. हाच पैसा मेमूला जादा डबे आणि जादा फेऱ्या द्यायला वापरला तर काय होईल, याची तुलना केली आहे का?

शेवटचा प्रश्न विचारताना आवाज थोडा चढला तरी चालेल. कारण कधी कधी दुखणं साधं असतं आणि औषध मात्र महागडं लिहून दिलं जातं. सकाळच्या गाडीला चार डबे जास्त लागले आणि ती वेळेवर सुटली, तर निम्म्या तक्रारी त्याच दिवशी मिटतील.

या आठ प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली तर मेट्रोला विरोध करायचं कारण उरत नाही. उलट फलाटावर ओवाळायला आपणच आधी उभ्या राहू. नव्या सुनेला आपण माप ओलांडून आत घेतो, पण म्हणून सासूला कुणी घराबाहेर काढत नाही. दोघी नांदल्या तर घराला बरकत येते. गंगाझरीच्या, काचेवानीच्या, मुंडीकोट्याच्या फलाटावर पहाटे डबा घेऊन उभी असणारी बाई एवढंच मागते आहे. तिचं म्हणणं नकाशे आखले जाण्याआधी मांडायचं काम मात्र आपल्यालाच करायला हवं.